निपाणीकडे बसून एन-लिस्ट आणि शोधगंगा: तीन वर्षांच्या वापरानंतरचे मत

चिकोडी तालुक्यातील एका अनुदानित महाविद्यालयात मी मराठी शिकवते आणि नोकरी सांभाळून पीएच.डी.चे काम करते. विषय आहे निपाणीचे १९८१चे तंबाखू आंदोलन आणि त्याचे त्या काळच्या लेखनात उमटलेले पडसाद. त्या वर्षी मार्च महिन्यात शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडले, आणि ६ एप्रिलला झालेल्या पोलीस गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले. आमच्या भागातल्या साठीच्या पुढच्या कोणालाही या आंदोलनाविषयी विचारा, तो तासभर बोलेल. पण प्रबंधाला तळटिपा लागतात आणि तळटिपेला छापील आधार लागतो. तो मिळवायचा तर पूर्वी एकच मार्ग होता: सुट्टीच्या दिवशी एस.टी. धरून कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयात जायचे, किंवा उलट्या दिशेने बेळगाव आणि तिथून धारवाड गाठायचे. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट. एका लेखाच्या चार पानांसाठी अख्खा दिवस आणि जाण्यायेण्याचे भाडे मोडण्याचा अनुभव मी पुष्कळदा घेतला आहे.

महाविद्यालयांना संशोधनाची नियतकालिके आणि ई-पुस्तके संगणकावर पुरवणाऱ्या एन-लिस्ट या सेवेची ओळख मला अशा वेळी झाली, आणि तीही अपघाताने. आमच्या महाविद्यालयाने तिचे सभासदत्व कित्येक वर्षांपूर्वीच घेतलेले होते. दरवर्षी शुल्क भरले जात होते, पावती नॅकच्या फाईलमध्ये लागत होती आणि मूल्यांकन समितीपुढे ती अभिमानाने दाखवलीही जात होती. वापरत मात्र कोणी नव्हते, कारण वापरायची असते हेच कोणी कोणाला सांगितलेले नव्हते.

गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्र हे विद्यापीठ अनुदान आयोगाचे आंतरविद्यापीठ केंद्र आहे. १९९१ मध्ये ते प्रकल्प म्हणून सुरू झाले आणि १९९६ मध्ये स्वायत्त झाले. विद्यापीठांना परदेशी प्रकाशकांची नियतकालिके संगणकावर मिळू लागली, तरी महाविद्यालये त्या व्यवस्थेबाहेरच राहिली होती. त्यांच्यासाठी २०१० मध्ये एन-लिस्ट आली. कल्पना साधी आहे. प्रत्येक महाविद्यालयाने वेगळी वर्गणी भरण्याऐवजी सर्वांच्या वतीने एकाच ठिकाणाहून प्रकाशकांशी बोलणी करायची आणि महाविद्यालयांनी त्यात नाममात्र वाटा उचलायचा. अनुदानित महाविद्यालयाला वर्षाला ५,००० रुपये आणि त्यावर जीएसटी, म्हणजे ५,९०० रुपये पडतात. विनाअनुदानित महाविद्यालयासाठी मूळ शुल्क ३०,००० रुपये आहे. यात सहा हजारांवर नियतकालिके आणि दोन लाखांच्या आसपास ई-पुस्तके असल्याचे एन-लिस्टच्या माहितीपत्रकात सांगितलेले असते. एवढे सगळे कोणीच वाचणार नसल्यामुळे या आकड्याला मी फारसे महत्त्व देत नाही. ज्या आकड्याला देते तो वेगळा आहे. मोठ्या प्रकाशकांच्या संकेतस्थळावर एकच लेख विकत घ्यायचा म्हटला तर तीस-चाळीस डॉलर पडतात. तेव्हा दोन लेखांच्या किमतीत साऱ्या महाविद्यालयाची वर्षाची वर्गणी निघते, आणि पैशाच्या बाजूने या सेवेविरुद्ध बोलण्यासारखे काही उरत नाही.

आत शिरण्याची रीत अशी. महाविद्यालयातील एक व्यक्ती, बहुधा ग्रंथपाल, या सेवेची समन्वयक म्हणून नेमलेली असते. ती शिक्षकांची आणि विद्यार्थ्यांची नावे, विभाग आणि ई-मेल पत्ते यांची यादी प्रशासकाच्या पानावर चढवते. मग प्रत्येकाच्या ई-मेलवर वापरकर्ता-नाव आणि पासवर्ड येतो. त्यानंतर घरून, एस.टी. स्टँडवरून, कुठूनही शिरता येते. महाविद्यालयाच्या वायफायची गरज पडत नाही. आपण थेट प्रकाशकाच्या दारात जात नाही, तर मधल्या प्रॉक्सी सर्व्हरमार्फत जातो, आणि हा वाचक सभासद महाविद्यालयाचा आहे असे तो सर्व्हर प्रकाशकाला सांगतो. इथे नवख्या माणसाची हमखास एक चूक होते. तो गूगलवर लेख शोधतो, प्रकाशकाच्या पानावर जातो, तिथे पैसे मागितले की निराश होतो आणि 'आपल्याला हे मिळत नाही' असे समजून परत फिरतो. आधी एन-लिस्टच्या पानावर पासवर्ड घालून तिथल्या यादीतून प्रकाशकाकडे जायचे असते. ही एक गोष्ट कोणी पहिल्या दिवशी सांगितली असती तर माझा एक महिना वाचला असता.

मी पहिल्यांदा उघडले ते इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली. मुंबईहून निघणाऱ्या या साप्ताहिकाने १९६६ मध्ये हे नाव घेतले. शेती, सहकार आणि शेतकरी चळवळी यांविषयी इंग्रजीत लिहिल्या गेलेल्या महत्त्वाच्या मजकुरातला मोठा भाग त्याच्या अंकांत आहे. शोधाच्या चौकटीत मी 'निपाणी' हे नाव रोमन लिपीत एकच 'पी' घालून लिहिले, तेव्हा काही उत्तरे आली. दोन 'पी' घातल्यावर आली ती वेगळीच. या दोन 'पीं'चा त्रास पुढे सगळीकडे झाला, त्याविषयी नंतर सांगते. १९८१च्या अंकातले एक पान पडद्यावर उघडले. जुन्या टाइपातले, स्कॅन करताना किंचित तिरके झालेले, समासाच्या कडेला काळी पट्टी आलेली. ते छापून घेऊन मी अक्कोळच्या एका आजोबांना दाखवायला नेले. ते त्या रास्ता रोकोत बसले होते आणि माझ्या कामात त्यांच्या आठवणींचा मोठा भाग आहे. चष्मा पुसून त्यांनी कागद उलटसुलट पाहिला. ज्या ओळीत गावाचे नाव होते तिथे मी बोट ठेवले. "आमच्या निपाणीचं नाव विंग्रजीत असं लिवत्यात व्हय?" असे म्हणून त्यांनी त्या शब्दावर अंगठ्याचे नख फिरवले आणि विचारले, "आन् ह्यो कागद मुंबैस्नं आला म्हणायचा?" गांधीनगर, प्रॉक्सी सर्व्हर वगैरे समजावण्याच्या फंदात मी पडले नाही. मुंबईहूनच आला असे सांगितले.

इंग्रजीतील समाजशास्त्र, अर्थशास्त्र, विज्ञान आणि वाणिज्य या विषयांसाठी ही सेवा उत्तम आहे असे मी निःसंकोच सांगेन. आमच्या रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांना तिथे हवे ते बहुतेक सगळे मिळते. मराठीच्या शिक्षकाने मात्र अपेक्षा बेताचीच ठेवावी. या यादीत मराठी वाङ्मयीन नियतकालिके किंवा मराठी दैनिकांचे जुने अंक शोधायला जाणे म्हणजे विहिरीत ऊस शोधण्यासारखे आहे. मराठी साहित्याविषयी इंग्रजीत लिहिलेले मिळते, भाषाविज्ञानावरचे मिळते, लोकसाहित्याच्या सिद्धान्तावरचे मिळते, आणि हे सारे उपयोगाचे असते. पण १९८१च्या एप्रिलमध्ये बेळगावच्या मराठी वाचकाने सकाळी चहाबरोबर नेमके काय वाचले, हे तिथे कळत नाही. त्यासाठी मला शेवटी जुन्या अंकांच्या बांधीव फाईलींकडेच जावे लागले. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचे आहे. अशा जुन्या संस्थांमध्ये, कोल्हापूरच्या ग्रंथालयांमध्ये आणि खुद्द वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांमध्ये पाने उलटल्यावाचून या विषयाचे अर्धे काम पुरे होत नाही. बोटांना लागणाऱ्या त्या तपकिरी भुग्याला आजतरी पर्याय मिळालेला नाही.

ई-पुस्तकांबाबत थोडे सावध करावेसे वाटते. यादीत नाव दिसले म्हणजे पुस्तक हाती आले, असे नव्हे. काही पुस्तके पडद्यावरच वाचावी लागतात, काहींची ठरावीक पानेच उतरवून घेता येतात, काही प्रकरणाप्रकरणाने मिळतात. मोबाईलवर तीनशे पानांचे पुस्तक दोन बोटांनी मोठे-लहान करत वाचणे हा डोळ्यांवरचा अत्याचार आहे, आणि आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांकडे मोबाईलशिवाय दुसरे साधन नाही. नियतकालिकातला दहा-पंधरा पानांचा लेख मात्र मोबाईलवर निभावून जातो. त्यामुळे विद्यार्थ्यांना मी ई-पुस्तकांऐवजी लेखांचीच सवय लावते.

आता सामायिक पासवर्डाविषयी. कित्येक महाविद्यालयांत चालते तेच आमच्याकडेही चालले होते. सर्वांची वेगवेगळी खाती उघडण्याचा कंटाळा, म्हणून एका खात्याचा पासवर्ड स्टाफरूमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात टाकून दिलेला. 'सर्वांनी वापरा' अशी त्याखाली सूचना आणि पाच-सहा जणांचे नमस्काराचे हात. सामायिक सभासदत्व आणि सामायिक पासवर्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आमच्यापैकी कोणाच्या ध्यानातच आले नव्हते. वर्गणी सर्वांची मिळून असली तरी किल्ली ज्याची त्याला वेगळी दिलेली असते, आणि ती दुसऱ्याला देऊ नये अशी अट प्रकाशकांच्या करारात असते. याची फळे आम्हाला लवकरच मिळाली. ऐन प्रबंध सादर करण्याच्या घाईत असलेल्या एका सहकाऱ्याने एका रात्रीत त्याच खात्यावरून दोनशेच्या वर लेख उतरवून घेतले, आणि तेही एका नियतकालिकाचे अंकामागून अंक, न वाचता, पुढेमागे लागतील म्हणून. दुसऱ्या दिवशी त्या प्रकाशकाचे दार आम्हा सर्वांसाठी बंद झाले. असे घाऊक उतरवणे प्रकाशकाच्या यंत्रणेला लगेच कळते. तिकडे ती यंत्राने केलेली लूट समजली जाते आणि चौकशी होईपर्यंत प्रवेश थांबवला जातो. पत्रव्यवहार करून, क्षमा मागून, दार पुन्हा उघडायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत माझे एक प्रकरण रखडले. सहकाऱ्याला दोष देऊन उपयोग नव्हता, कारण तो पासवर्ड गटात टाकणाऱ्यांना मनापासून धन्यवाद देणाऱ्यांत मीही होते.

त्यानंतर आमच्या ग्रंथपाल सरांनी नेटाने एकेकाचे खाते उघडून दिले. "मॅडम, यादी मी चढवतो, पण ई-मेल पत्ते तुम्ही बरोबर आणून द्या," एवढीच त्यांची अट होती, आणि ती किती अवघड आहे हे मला नंतर समजले. बी.ए.च्या मुलांचे ई-मेल पत्ते म्हणजे गावातल्या मोबाईल दुकानदाराने फोन विकत घेतानाच उघडून दिलेले असतात. त्यांचा पासवर्ड मुलांना माहीत नसतो, आणि कित्येकदा तो पत्ता मोठ्या भावाच्या नावाचा असतो. खाते चालू झाल्याचे पत्र अशा पत्त्यावर जाऊन पडते आणि मुलगा म्हणतो की मला काही आलेच नाही. गांधीनगरची व्यवस्था बिनचूक असली तरी ती शेवटच्या दहा पावलांत अडते. ती पावले महाविद्यालयाने चालायची असतात. एन-लिस्टविषयी मी जी कुरकुर ऐकते तिच्यातली बरीचशी या दहा पावलांविषयीची असते.

सीमाभागातल्या वाचकाला यात एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. निपाणी शहर बेळगाव जिल्ह्यात, आणि शहराला लागूनच असलेले अर्जुननगर येथील देवचंद महाविद्यालय कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यात. त्यामुळे एकाच गल्लीतल्या दोन भावंडांपैकी एक शिवाजी विद्यापीठाची पदवी घेते आणि दुसरे २०१० मध्ये स्थापन झालेल्या राणी चन्नम्मा विद्यापीठाची, असे आमच्याकडे सहज घडते. शिष्यवृत्तीचा अर्ज, रहिवासी दाखला, बसचा पास, प्रत्येक कागदाला या रेषेचा अडथळा होतो, आणि त्यात तो कागद कोणत्या भाषेत आहे हा प्रश्न असतोच. एन-लिस्ट केंद्राची योजना असल्यामुळे अलीकडच्या आणि पलीकडच्या महाविद्यालयाला शुल्क तेच, यादी तीच आणि अर्जही तोच. शोधाच्या चौकटीने मला माझे राज्य कधी विचारले नाही. सीमाभागात आयुष्य काढलेल्या माणसाला याचे अप्रूप किती वाटते, ते बाहेरच्याला कदाचित कळणार नाही.

मात्र जानेवारी २०२५ पासून एक दुसरी रेषा आली आहे. 'एक राष्ट्र, एक वर्गणी' या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मान्यता दिली. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके, ६,३०० हून अधिक संस्था आणि जवळपास १ कोटी ८० लाख वाचक असा तिचा पसारा आहे. ढोबळ हिशेब केला तर वर्षाला माणशी अकराशे रुपये पडतात. एल्सव्हिअर, स्प्रिंगर नेचर, वायली, टेलर अँड फ्रान्सिस, सेज अशी एरवी आवाक्याबाहेरची नावे तिच्यात आहेत आणि व्यवस्था पुन्हा इन्फ्लिबनेटकडेच आहे. योजना केंद्र आणि राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षण संस्थांसाठी आणि केंद्र सरकारच्या संशोधन संस्थांसाठी आहे. आमचे महाविद्यालय एका शिक्षण संस्थेने चालवलेले. पगार सरकारी, पण व्यवस्थापन खासगी, आणि यादीत आमचे नाव नाही. मी पीएच.डी.साठी जिथे नोंदणी केली आहे ते विद्यापीठ सरकारी असल्यामुळे यादीत आहे. म्हणजे शिक्षिका म्हणून मी बाहेर आणि विद्यार्थिनी म्हणून आत. विद्यार्थिनी म्हणून शिरायला विद्यापीठाच्या नावाचा ई-मेल पत्ता हवा. तो मिळवण्यासाठी मी चार महिने खेटे घातले. या विभागाने त्या विभागाकडे पाठवले, नोकरी करून संशोधन करणाऱ्यांना असा पत्ता देता येतो की नाही यावर एक टिपणी तयार झाली, ती एका टेबलावर राहिली आणि त्या टेबलावरचे साहेब बदलून गेले. विद्यापीठाचे नाव घेत नाही, कारण शेवटी ज्या कारकून बाईंनी पंधरा मिनिटांत काम करून दिले त्याही तिथल्याच. "एवढंच होतं होय मॅडम? आधी माझ्याकडं का नाही आलात?" या त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

आत शिरल्यावर जे दिसले ते मात्र खरोखरच मोठे होते. चळवळींचे समाजशास्त्र, शेतीमालाच्या बाजारपेठा, तंबाखूचे अर्थकारण यांवरचे जे लेख मी वर्षभर फक्त सारांशापुरते वाचले होते, ते एका आठवड्यात पूर्ण मिळाले. पाहुण्याने जेवणावळीत करावे तसे मी पहिले दोन दिवस नुसते ताटात वाढून घेतले. या वेळी, अर्थात, दिवसाला दहाच.

या सगळ्यांत मला सर्वांत जास्त उपयोगी पडलेली वस्तू तिसरीच आहे. तिला पासवर्ड लागत नाही आणि वर्गणीही नाही. शोधगंगा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या नियमांनी पीएच.डी.च्या प्रबंधाची संगणकीय प्रत जमा करणे बंधनकारक केले आणि त्यातून हा संग्रह वाढत गेला. आज त्यात पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत, आणि मराठीत लिहिलेल्या प्रबंधांची संख्याही चांगली आहे. एन-लिस्टने मला जगात काय चालले आहे ते सांगितले, तर माझ्या शेजारच्या तालुक्यात कोणी कशावर काम करून ठेवले आहे हे मला शोधगंगेतून कळले. बिडी कामगार स्त्रिया, ऊसपट्ट्यातील स्थलांतर, सीमाभागातील नाट्यपरंपरा, यल्लम्माची गाणी अशा विषयांकडे जाणाऱ्या वाटा तिथेच सापडतात.

तिच्यात शोधायचे कसे, हे मात्र शिकावे लागते. प्रबंध एका फाईलमध्ये नसतो. '०१_टायटल', '०२_सर्टिफिकेट' अशा क्रमाने प्रकरणाप्रकरणाच्या वेगळ्या पीडीएफ असतात आणि यादीत शेवटीशेवटी '८०_रेकमेंडेशन' नावाची एक फाईल दिसते. नावावरून ते शिफारसपत्र वाटते, पण तिच्यात सहसा मुखपृष्ठ आणि निष्कर्षाचे प्रकरण एकत्र दिलेले असते. मी आधी तीच उघडते. निष्कर्षात दम असेल तरच बाकीच्या फाईली. यामुळे वेळ आणि डेटा दोन्ही वाचतात.

दुसरी अडचण त्या दोन 'पीं'ची. कन्नडमध्ये गाव 'निप्पाणी', मराठीत 'निपाणी', रोमन लिपीत कधी एक 'पी' कधी दोन. बेळगावचे तर विचारायलाच नको. इंग्रजांच्या वळणाचे जुने रूप, मराठी उच्चाराप्रमाणे लिहिलेले रूप आणि १ नोव्हेंबर २०१४ पासूनचे अधिकृत 'बेळगावी', अशी एका गावाची किमान तीन स्पेलिंगे संग्रहात नांदतात. जिल्ह्याच्या नावावरून आमच्याकडे रक्त आटवणारे वाद झाले आहेत. पण शोधाच्या चौकटीपुढे बसलेल्या माणसाने सगळी रूपे आळीपाळीने घालून पाहावीत, कारण एक रूप गाळले की त्या रूपात नोंदवलेले प्रबंध त्याच्या दृष्टीआड होतात. मराठी शीर्षके काही नोंदींत देवनागरीत असतात तर काहींत रोमन लिपीत ज्याला जशी सुचली तशी. 'शेतकरी चळवळ' हे दोन शब्द मी आजवर पाच प्रकारे लिहून शोधले आहेत.

तिसरी अडचण युनिकोडपूर्व, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखी चालणारी देवनागरी अक्षरे रुळण्याआधीच्या, फॉन्टांची. काही वर्षांपूर्वीपर्यंत मराठी प्रबंध टंकलेखन केंद्रांत जुन्या फॉन्टांत टाइप केले जात. पडद्यावर अक्षर सुबक दिसते, पण उताऱ्यासाठी ओळ उचलून आपल्या फाईलमध्ये ठेवली की तिचे कंस, टक्क्याची चिन्हे आणि इंग्रजी अक्षरे यांचे कडबोळे होते. अशा फाईलीत शब्द शोधताही येत नाही. हा दोष संग्रहाचा नव्हे, ज्या काळात प्रबंध टाइप झाला त्या काळाचा आहे. संशोधन करणाऱ्या नव्या मुलांना माझी विनंती आहे की आपला प्रबंध युनिकोडमध्येच टाइप करून घ्यावा. टंकलेखक "मॅडम, माझा हात त्याच फॉन्टावर बसलाय" म्हणाला तरी ऐकू नये. मी एकदा ऐकले आणि सत्तर पाने पुन्हा टाइप करून घेतली.

प्रबंधांची गुणवत्ता एकसारखी नाही हेही सांगून टाकते. काही वाचून मी टेबलावर डोके ठेवले आहे. एका प्रबंधातले प्रास्ताविक प्रकरण दुसऱ्या प्रबंधात जवळजवळ शब्दशः सापडले तेव्हा काय वाटले ते लिहीत नाही. पण सारे उघड्यावर असल्यामुळेच हे सापडले, आणि ही मला या संग्रहाची जमेची बाजू वाटते.

ज्यांचे नाव कोणत्याच संस्थेच्या हजेरीपटावर नाही त्यांच्याविषयी दोन शब्द. निवृत्त शिक्षक, गावाचा इतिहास लिहिणारे पत्रकार, हौशी अभ्यासक असे लोक आमच्या भागात खूप आहेत आणि कित्येकदा प्राध्यापकांपेक्षा त्यांचे काम चोख असते. एन-लिस्ट किंवा 'एक वर्गणी' यांपैकी एकही दार त्यांना उघडे नाही. घरफाळ्याबरोबर आपण सहा टक्के ग्रंथालय उपकर भरतो, तेव्हा तालुक्याच्या सार्वजनिक ग्रंथालयातला एक संगणक तरी या जाळ्याला जोडावा अशी माझी अपेक्षा आहे. तोवर त्यांनी जेस्टोर या नियतकालिकांच्या संगणकीय संग्रहावर स्वतःचे मोफत खाते उघडावे. तिथे महिन्याला शंभर लेख पडद्यावर वाचता येतात, उतरवून घेता येत नाहीत, पण टिपणे काढणाऱ्याला तेवढे पुष्कळ झाले. विकिपीडियावर लिहिणाऱ्यांसाठी विकिपीडिया लायब्ररी नावाची सोय आहे. पाचशे संपादने, सहा महिन्यांचे जुने खाते आणि गेल्या महिन्याभरात किमान दहा संपादने एवढे असले की अनेक प्रकाशकांचे संग्रह खुले होतात. माझा एक माजी विद्यार्थी मराठी विकिपीडियावर गावांचे लेख लिहितो, आणि त्याला जे मिळते ते पाहून मला कधीकधी हेवा वाटतो. जुन्या पार्श्वभूमीसाठी बेळगाव जिल्ह्याचा १८८४चा गॅझेटियर इंटरनेट आर्काइव्हवर मोफत आहेच.

तारे द्यायचेच तर एन-लिस्टला पाचपैकी साडेतीन आणि शोधगंगेला साडेचार. 'एक वर्गणी'ला मी तूर्त तारे देत नाही. ज्या दिवशी आमच्या महाविद्यालयाच्या मुलांना ती मिळेल त्या दिवशी देईन.

या वर्षीचा नूतनीकरणाचा अर्ज ग्रंथपाल सरांच्या टेबलावर आहे. या खेपेला बी.ए. अंतिम वर्षाच्या अकरा मुलांची नावे मी स्वतः जोडून दिली. चाचणी म्हणून प्रत्येकाच्या पत्त्यावर एकेक ओळीचे पत्र पाठवले. नऊ जणांची उत्तरे आली. उरलेल्या दोघांचे पत्ते त्यांच्या भावांचे निघाले, आणि त्यांतला एक भाऊ पुण्याला नोकरीला आहे. सोमवारी त्या दोघांना संगणक कक्षात बसवून नवे पत्ते उघडायचे आहेत, आणि त्यांचा पासवर्ड वहीच्या शेवटच्या पानावर त्यांच्याच हाताने लिहून घ्यायचा आहे.